टेंटरच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या

गिल्डफर्ड,
७ मे २००१

प्रिय विनीआत्या,

हे पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. मी हेदर, तुमच्या भावाची, क्लिफर्डची मुलगी. आपण एकदाच भेटलो आहोत, आजीच्या अंत्यविधीला. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तुम्ही बाबांशी एक शब्दही न बोलता निघून गेला होतात. आई म्हणते, आजीच्या कपाटावरून तुमचं वाजलं होतं. ते कपाट कोणाकडे गेलं हे मला माहीत नाही, आणि मला ते नकोही आहे.

मी तीनदा फोन केला, पण तुम्ही उचलला नाही. म्हणून लिहिते आहे.

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. ‘मंगळवारची तिजोरी’ या सिनेमावर आम्ही गेम करतो आहोत. चौतीस वर्षं झाली तरी लोक तो नाताळात टीव्हीवर पाहतात, सोनं भरलेल्या त्या चिमुकल्या मोटारी लिस्बनच्या पायऱ्या उतरायला लागल्या की अजूनही चहाचा कप हातातच राहतो. त्या पायऱ्या माझ्या बाबांनी, नायकाच्या जागी गाडीत बसून, उतरवल्या, आणि आता गेममधला तो भाग माझ्याकडे आहे. तो मी मागून घेतला.

अडचण अशी की आमची गाडी उतरत नाही. आम्ही लिस्बनला जाऊन एकेक पायरी मोजून आणली, गाडीचं वजन, चाकं, स्प्रिंगा, सगळं खऱ्यासारखं भरलं. तरी पायऱ्यांमधल्या दुसऱ्या सपाटीवर ती उलटते. दर वेळी. जूनअखेरपर्यंत जमलं नाही तर डंकन, म्हणजे आमचा साहेब, तो भागच कापणार आहे.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी वही-बिही ठेवली नव्हती. त्या काळातलं काही तुमच्या आठवणीत असेल तर कृपा करून कळवा. गेम सुरू होताना पहिल्या पानावर बाबांचं नाव येणार आहे. त्यांचं सिनेमातलं जाकीट मी कामावर घालून बसते, शकुनाचं म्हणून. मला ते माझ्याच मापानं शिवल्यासारखं बसतं.

तुमची,
हेदर


हॅलिफॅक्स,
१४ मे २००१

हेदर,

फोन मी मुद्दामच उचलला नाही. दुपारी फोन करणारे लोक मला खिडक्या विकायला बघतात.

मला ‘तुम्ही’ म्हणू नकोस, मी काही पोस्टमास्तर नाही. आणि कपाट विकून तुझ्या आजीच्या थडग्याचा दगड बसवला. त्यावरून कोणाचंही वाजलं नव्हतं. ही थाप कोणी मारली असेल ते मला ठाऊक आहे.

आता तुझी गाडी. ती उलटते, कारण तुम्ही ब्रेक लावत असणार. पायऱ्यांवर ब्रेकला पाय लावायचा नाही. दुसरा गिअर टाकायचा आणि गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्यायचं. डावीकडची चाकं गटाराच्या गुळगुळीत दगडी पट्टीवर ठेवायची. ती पट्टी आत बसून दिसत नाही, पण ऐकू येते. चाक पट्टीवर असलं की आवाज सलग येतो, सुटलं की खडखडाट. प्रत्येक सपाटीवर एक श्वास, तेवढाच थोडा ॲक्सिलरेटर.

अजून एक. तुझा बाप कुठल्याही चढउतारावर गाडी घालण्याआधी तो पायी चालायचा. एकदा खाली, एकदा वर, आणि मग उलट्या पावलांनी खाली, मोठ्यानं आकडे म्हणत. तुम्ही चाललात का तसं? का नुसती टेप धरून फोटो काढले?

विनी हॉलरॉयड


गिल्डफर्ड,
२१ मे २००१

प्रिय विनीआत्या,

बरं, ‘तू’.

तू सांगितलंस ते सगळं करून पाहिलं. ब्रेक काढून टाकला. दुसरा गिअर. गाडी पूर्वीपेक्षा दोन पायऱ्या पुढे जाऊन उलटली, आणि सगळं ऑफिस टाळ्या वाजवत उभं राहिलं. इथले लोक तसे वाईट नाहीत, पण टाळ्या ऐकून मला रडू आलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

आणि पट्टीचं काय? लिस्बनला तसली पट्टी कुठंच नाही. दोन्ही बाजूंना सरळ भिंती आहेत. मी परत परत फोटो पाहिले. सिनेमात मात्र क्षणभर काहीतरी फिकट दिसतं, डाव्या चाकाखाली. आम्हाला वाटलं फिल्म झिजली असेल.

बाबा सांगायचे की पायऱ्या त्या दिवशी ओल्या होत्या, वरून कुठल्याशा बाईनं बादली ओतली होती. उन्हात चकाकतात त्या सिनेमात. आम्ही ओल्याही करून पाहिल्या. गाडी आणखी लवकर उलटली.

आत्या, तुला काहीतरी माहीत आहे आणि तू सांगत नाहीस. तसं वाटतं मला. माझा राग धरू नकोस.

हेदर


हॅलिफॅक्स,
२६ मे २००१

हेदर,

बादली! काय तरी बाई सुचतं माणसाला. तो पाऊस होता. हॅलिफॅक्सचा साधा, रोजचा, बारीक पाऊस, आणि ऊन म्हणतेस ते चार मोठाले दिवे होते.

तुम्ही भलत्याच पायऱ्या मोजून आणल्या आहेत.

लिस्बनला त्यांची पहिली गाडी उलटली, दोन पायऱ्यांचे टवके उडाले, आणि तिथल्या नगरपालिकेनं सगळ्या मंडळींना चंबूगबाळं आवरायला लावलं. मग क्लिफ म्हणाला, आमच्या गावात पायऱ्या आहेत. आले सगळे इथे. टेंटरच्या पायऱ्या, जुन्या गिरणीच्या मागे. बाजूची भिंत पांढरी रंगवली, कुंड्यांत कागदी संत्री लावली, वर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. ते कपडे माझ्या कामाच्या लॉन्ड्रीतून आले होते, मी तिथे व्हॅन चालवायचे. लिस्बनच्या त्या गल्लीत जे पंधरा पलंगपोस फडफडतात, ते हॅलिफॅक्सच्या हॉटेलातले आहेत. हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण जाहिरातीत ‘खऱ्या लिस्बनमध्ये’ असं छापून झालं होतं. आता ते ठरवणारे सगळे मातीत गेले. मी कशाला गप्प बसू?

काल सकाळी टेप घेऊन गेले होते. शेजारचे ग्रीनवुड दुसरं टोक धरायला आले. पायऱ्या चौऱ्याऐंशी, सपाट्या चार. पायरीची उंची चार इंच, कुठे साडेतीन. रुंदी दोन फूट. लोकरीची ओझी घेऊन घोडी चढायची म्हणून अशा पसरट बांधलेल्या आहेत. डावीकडे गटाराची पट्टी, नऊ इंच. सगळे आकडे मागच्या पानावर आहेत, पायरीगणिक. दोन तास लागले. गुडघे बोलायला लागले आहेत, पण पंचाहत्तराव्या पायरीवर ग्रीनवुड आकडा चुकले म्हणून मी परत पहिल्यापासून मोजलं. चुकीचं मोजून पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं.

विनी


गिल्डफर्ड,
१२ जून २००१

विनीआत्या, विनीआत्या,

उतरली!

लिस्बन सगळं पुसून टाकलं. तुझे आकडे भरले, पट्टी आखली, डावी चाकं तिच्यावर ठेवली. पहिल्या झटक्यात नाही, सोळाव्या. पण उतरली, चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी, आणि हालचाल हुबेहूब सिनेमातली, नाक खाली-वर खाली-वर, दर तीन पायऱ्यांना एक हेलकावा. डंकननं माझ्या टेबलावर अख्खा केक आणून ठेवला. कोणालाच कळत नाहीये की चौतीस वर्षं सगळी दुनिया चुकीच्या देशात बघत होती!

आता शेवटचं काम. खेळणाऱ्याला आत बसून, ड्रायव्हरच्या डोळ्यांनी रस्ता दिसला पाहिजे. बाबांनी तुला कधी सांगितलं होतं का, आतून काय दिसत होतं? काय ऐकू येत होतं? तू तिथे होतीस, कपडे घेऊन आली होतीस, म्हणजे नंतर बोलणं झालंच असेल.

पहिल्या पानाचा मजकूरही ठरला. ‘पायऱ्या उतरवणाऱ्या क्लिफर्ड हॉलरॉयड यांना.’ आवडला का?

तुझी,
हेदर


हॅलिफॅक्स,
१८ जून २००१

हेदर,

आतून काय दिसतं ते सांगते.

सुरुवातीला काहीच दिसत नाही. बॉनेट आणि आभाळ. मग नाक खाली जातं आणि सगळ्या पायऱ्या एकदम अंगावर येतात. पहिल्या सपाटीनंतर काचेवर पलंगपोस घासतो, क्षणभर सगळं पांढरं होतं, तेव्हा स्टिअरिंग हलवायचं नाही, फक्त पट्टीचा आवाज ऐकायचा. मागे पेट्या आदळत असतात. सोन्याऐवजी त्यांत विटा भरल्या होत्या. तिसऱ्या सपाटीनंतर खालचं टोक दिसतं. तिथे क्लिफ उभा होता, पांढरा रुमाल हलवत, मोठ्यानं आकडे ओरडत.

हो, क्लिफ खाली उभा होता. आता हे वाक्य लिहून झालं, आणि मी ते खोडणार नाही.

लिस्बनला गाडी उलटली तेव्हा तो आत होता. खरचटण्यापलीकडे लागलं नाही, पण त्यानं धसका घेतला. टेंटरवर चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी तो दोनदा गाडीत बसला, दोनदा उतरून भिंतीमागे जाऊन ओकला. मला म्हणाला, “विने, माझ्याच्यानं नाही व्हायचं गं. पण मी नाही म्हटलं तर मला परत कोण बोलावणार?” माझा भाऊ होता तो. मी सात वर्षं या गावाच्या चढउतारांवर ओल्या चादरींनी भरलेली व्हॅन चालवत होते. मी म्हटलं, मला मोजून दे.

त्यानं मला पायी चालवलं, दोनदा खाली, दोनदा वर, मग उलट्या पावलांनी. एकेक पायरी समजावली. मग मी त्याचं जाकीट घातलं, टोपी घातली, त्या सिनेमातल्या नायकासारखी खोटी मिशी चिकटवली. विम्याच्या कागदावर फक्त क्लिफचं नाव होतं, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. आम्हा दोघांना, ड्रायव्हरांच्या मुकादमाला आणि नटांच्या कपडेवाल्या बाईला माहीत होतं. दिग्दर्शक खाली लांब कॅमेऱ्याजवळ होता, भिंतीच्या आडोशाला उभा क्लिफ त्याला दिसत नव्हता, गाडीतली मिशी दिसली, तेवढं पुरलं. मी एकदाच उतरले. दुसऱ्यांदा करायची वेळच आली नाही.

क्लिफ म्हणाला होता, सिनेमा लागला की निदान घरात तरी सांगू. नाताळचं जेवण चाललेलं. वर्तमानपत्राचा बातमीदार आलेला. मी शेजारी बसलेली, आणि क्लिफ सांगतोय, स्टिअरिंग हातात कसं हलकं झालं, डोळ्यांवर पलंगपोस कसा आला. माझेच शब्द, जसे मी त्याला सांगितले होते तसे. आणि आई माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ जरा भावाकडे. नाहीतर तू, जन्मभर लोकांच्या चादरी वाहणार.” मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं बटाटे वाढून घेतले.

मी कोट उचलून निघाले. कोपऱ्यावर थांबले, तो मागून येईल म्हणून. बराच वेळ थांबले गं.

तुझ्या त्या पहिल्या पानावर ते वाक्य घालू नकोस. मी एकदा गप्प बसले. आता पासष्ट वर्षांची झाले, आता नाही बसणार. मला माझं नाव हवं आहे.

विनी


गिल्डफर्ड,
२५ जून २००१

विनीआत्या,

तुझं पत्र चारदा वाचलं.

तू मला मदत केलीस, मी ती विसरणार नाही. पण माझे बाबा उत्तर द्यायला नाहीत, आणि तू तीन वर्षं थांबून, त्यांचं नाव कुठेतरी लिहिलं जातंय हे कळल्यावर हे सांगते आहेस. मला कोणी शाळेत विचारलं की तुझे बाबा काय करतात, तर मी ताठ मानेनं सांगायचे. त्या एका गोष्टीवर मी वाढले. मोटारींचं वेड, हे काम, सगळं तिथूनच आलं.

पायऱ्या हॅलिफॅक्सच्या आहेत हे आकड्यांनी सिद्ध झालं. हे कशानं होणार? आईला मी काय सांगू?

मजकूर बदलणार नाही.

हेदर


हॅलिफॅक्स,
२ जुलै २००१

हेदर,

तुझा बाप सहा फूट दोन इंच होता. मी पाच फूट चार. तू आईवर गेली असलीस तर माझ्याएवढीच असशील.

ते जाकीट तुला बसतं म्हणालीस. क्लिफचं जाकीट तुला का बसतं, हा प्रश्न तुला आजवर पडला नाही? कपडेवाल्या बाईनं गाडीच्या बॉनेटवर बसून त्याच्या बाह्या चार बोटं आत दुमडल्या. काळा दोरा संपला होता. हिरव्यानं टाके घातले.

उसवून बघ. आणि नंतरही मला खोटारडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण इथे येऊन, समोर उभी राहून म्हण.

विनी


गिल्डफर्ड,
३० जुलै २००१

प्रिय आत्या,

उत्तराला महिना लागला. आधी लाज वाटत होती, मग वेळ नव्हता.

जाकीट कामावरच होतं. टेबलावर उलटं केलं आणि कात्री घेऊन बसले. हिरवा दोरा. आतली कापडाची घडी अजून नवी होती, तिला कधी ऊनच लागलं नव्हतं. बाही उलगडली तर माझी बोटं आत गडप झाली. त्या बाहीत बाबा मला पहिल्यांदा त्यांच्या मापाचे दिसले. मी तशीच बसून रडले. माफ कर मला. त्या पत्राबद्दल फार वाईट वाटतं.

आईकडे गेले. जाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हिरवा दोरा बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, “तीस वर्षं मी हे जाकीट कपाटात झटकून ठेवत होते. नवऱ्याचं माप बायकोला माहीत नसतं होय? मी वाट बघत होते, कधीतरी सांगेल म्हणून.” मग म्हणाली, “दर नाताळात विनीला कार्ड आणायचा. पत्ता लिहायचा. टाकायचा मात्र नाही.” ती कार्डं तिच्याकडे आहेत, तीस. मी मागितली नाहीत. ती तुझी आहेत, तू माग.

आता गेमचं. ज्यांच्याकडे सिनेमाचे हक्क आहेत त्यांनी कळवलं, सिनेमातल्या माणसांची यादी आहे तशीच राहणार, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. डंकन म्हणाला, “हेदर, वकिलांशी कोण भांडणार? सोड ना.” मी म्हटलं, ठीक आहे, मग टेंटरचे आकडेही परत घेते, ते आत्याचे आहेत, तुम्ही लिस्बनमध्येच उलटा. तो म्हणाला, वेडी झालीस का? मी म्हटलं, हो. तीन आठवडे आमचं बोलणं फक्त दारं आपटून चाललं होतं.

शेवटी मलाच सुचलं. सिनेमाच्या माणसांची यादी त्यांची, पण गेम बनवणाऱ्या माणसांची यादी आमची. आणि तू तर गेम बनवला आहेस! दोन तास पायऱ्या मोजल्यास, परत पहिल्यापासून मोजल्यास. त्या यादीत कोणी कशाला हरकत घेईल? डंकननं माझ्याकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि सही केली.

आता त्या यादीतून पहिल्या पानावर हे येईल:

‘टेंटरच्या पायऱ्या, हॅलिफॅक्स. उतरवल्या: विनिफ्रेड हॉलरॉयड. मोजून दिल्या: क्लिफर्ड हॉलरॉयड.’

बाबांचं नाव मी काढलं नाही. तू ते काढायला सांगितलंही नव्हतंस, हे मला आता कळतं. हे चालेल ना?

ऑक्टोबरमध्ये गेम बाजारात येईल. पहिली प्रत तुला. ग्रीनवुड काकांकडे कॉम्प्युटर आहे का?

तुझीच,
हेदर

ता.क. जाकिटाच्या बाह्या मी परत दुमडल्या. हिरवाच दोरा आणला.


हॅलिफॅक्स,
९ नोव्हेंबर २००१

माझी लाडकी हेदर,

गेम पोचला. ग्रीनवुडांकडे कॉम्प्युटर आहे, त्यावर ते कबुतरांच्या शर्यतींची टिपणं ठेवतात. काल सकाळी चहा घेऊन बसलो. पहिलं पान आलं. ग्रीनवुडांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि म्हणाले, “अगं बये, तीस वर्षं शेजारी राहतेस, हे लपवून ठेवतेस आणि मला कुंड्यांना पाणी घालायला लावतेस!” मी त्यांना म्हटलं, जरा गप्प बसा, मला पुन्हा वाचू द्या. मी ते पाच-सहा वेळा वाचलं. माझं पूर्ण नाव मी इतक्या मोठ्या अक्षरांत कधीच पाहिलं नव्हतं.

कार्डं तुझ्या आईकडे, डोरीनकडे मागितली. रविवारी ती स्वतःच घेऊन आली, केक घेऊन. एकाही कार्डात मजकूर नाही, नुसती सही. त्याच्याकडे शब्द कमीच असायचे, जे होते ते माझे घेतलेले. पण तीस वेळा दुकानात जाऊन निवडली तर खरी. मी ती मांडणीवर ओळीनं लावली आहेत. नोव्हेंबरातच माझ्या घरी नाताळ आला आहे. या वर्षी तुम्ही दोघी इथे जेवायला या. बटाटे मी वाढीन.

आता तुझ्या गेमबद्दल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मी अकरा वेळा उलटले. खरी गाडी एका दमात उतरवली, आणि इथे ही बटणं! ग्रीनवुड सूचना करत होते, त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. मग डोळे मिटले आणि नुसता पट्टीचा आवाज ऐकला. तू तो घातला आहेस! सलग, तस्सा. बाराव्या वेळी गाडी उतरायला लागली. पलंगपोस आला, सगळं पांढरं झालं, मी बोट हलवलं नाही. तिसरी सपाटी गेली, खालचं टोक दिसलं.

आणि तिथे तो उभा होता. उंचच्या उंच, पांढरा रुमाल हलवत. तू त्याला तिथे उभं केलं आहेस हे मला पत्रात सांगितलं नाहीस, लबाड कुठली. तोंडानं आकडेसुद्धा म्हणतोय, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी.

ग्रीनवुड धावत आले. “अगं पुढे जा, घड्याळ चालू आहे! पोलीस येतायत मागून!” ओरडत होते नुसते.

मी गाडी त्याच्यापाशी उभी केली. घड्याळ संपलं, पोलीस आले, पकडलं मला सोन्यासकट. येऊ देत म्हटलं. त्या नाताळात त्याला माझ्या मागे यायला जमलं नव्हतं, तर मी थांबले त्याच्याजवळ.

तुझी,
विनीआत्या